विमान चौघांचं, विकायला सही कोणाची?

मार्च २०१८ मध्ये सौदी अरेबियाचे युवराज मोहम्मद बिन सलमान लंडनला गेले होते. त्या भेटीत आणखी ४८ टायफून लढाऊ विमानं घेण्याच्या इरादापत्रावर सही झाली. विकणारा ब्रिटन तयार होता, घेणारा सौदी तयार होता. पैशांची अडचण नव्हती. सौदी हवाई दलाने हीच ७२ विमानं आधी घेतलेली होती, म्हणजे वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग, सगळी घडी बसलेली. तरीही पुढची जवळपास सहा वर्षं हा व्यवहार इंचभर पुढे सरकला नाही. अडचण लंडनमध्ये नव्हती आणि रियाधमध्येही नव्हती. ती बर्लिनमध्ये होती.

जर्मनी या व्यवहारात ना विक्रेता होता ना गिऱ्हाईक. पण टायफूनचं मधलं धड जर्मनीत बनतं, आणि मधल्या धडाशिवाय विमान उभं राहत नाही.

आपल्याकडे सातबारावर चार भावांची नावं असली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. जमीन एक भाऊ कसतो, गिऱ्हाईक तोच आणतो, भाव तोच ठरवतो. पण शहाणा खरेदीदार म्हणतो, आधी चौघांच्या सह्या आणा. मग ज्या भावाने दहा वर्षांत बांधावर पाय ठेवला नाही, त्याच्या दारात सगळे जाऊन बसतात. संयुक्तपणे बनवलेल्या लढाऊ विमानांच्या निर्यातीचं राजकारण बरंचसं असंच आहे. आज त्याचीच उकल करू. संरक्षण अभ्यास, आंतरराष्ट्रीय संबंध किंवा राजकीय अर्थशास्त्रात पीएच.डी. करायचं मनात असेल, तर या एका विमानात तुम्हाला दोन-चार प्रबंधांचा ऐवज सापडेल.

आधी एक घोळ निस्तरू

"परदेशाबरोबर मिळून बनवलेलं विमान" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. संशोधनाचा आराखडा लिहिताना त्या एकत्र कालवल्या, तर मार्गदर्शक पहिल्याच पानावर लाल खूण करतील.

पहिली म्हणजे परवाना-उत्पादन. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय बनली. विमान भारतीय कामगारांनी जोडलं, पण रचनेची मालकी रशियाकडे. उद्या भारताला ते तिसऱ्या देशाला विकावंसं वाटलं, तरी मॉस्कोला विचारल्याशिवाय विकता येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नुसता पुरवठा. विमान तुमचं, पण त्यातला एखादा भाग दुसऱ्याचा. तेजस भारताचं, त्याचं इंजिन अमेरिकेचं आणि वैमानिकाची इजेक्शन सीट ब्रिटिश. तिसरी गोष्ट खरा संयुक्त विकास. इथे रचना, खर्च, जोखीम आणि मालकी, चारही गोष्टींत वाटेकरी असतात. आपण बोलतोय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल. पण नकाराधिकार तिन्हींत असतो, हे विसरू नका. २०२० मध्ये दक्षिण कोरियाची एफए-५० विमानं अर्जेंटिनाला मिळाली नाहीत, कारण त्यात ब्रिटिश भाग होते आणि फॉकलंडच्या युद्धापासून ब्रिटनचं अर्जेंटिनाशी असलेलं वैर मिटलेलं नाही. कोरियाचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता.

एकत्र यायचंच कशाला?

पैसा. अगदी सोपं उत्तर आहे.

लढाऊ विमानाच्या खर्चाचा मोठा वाटा पहिलं विमान बनायच्या आधीच होऊन गेलेला असतो. रचना, चाचण्या, रडार, इंजिन, सॉफ्टवेअर. हा खर्च १०० विमानांवर पसरला तर एकेक विमान परवडत नाही, ६०० वर पसरला तर परवडू शकतं. अमेरिकेचं हवाई दल एकटंच एवढी मोठी मागणी नोंदवतं. युरोपातल्या मध्यम देशांना ते जमत नाही, म्हणून ते मागण्या एकत्र करतात.

पण एकत्र येण्याचीही किंमत असते. संरक्षण-अर्थशास्त्रात एक जुना ठोकताळा सांगतात : भागीदारांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाच्या पटीत एकूण विकासखर्च वाढतो. चार देश एकत्र आले, तर खर्च दुप्पट होतो. तो चौघांत वाटला, तर प्रत्येकाला एकट्याने केलं असतं त्याच्या निम्मा पडतो. म्हणजे प्रत्येक देशाचा फायदाच, पण चौपट नव्हे, दुप्पट. हा नियम नाही, ठोकताळा आहे. तो प्रत्येक प्रकल्पाला लागू पडतोच असं समजून आकडेमोड करत बसू नका. पण खर्च वाढतो का, हा प्रश्न तो नेमका विचारायला लावतो.

खर्च वाढतो तो कामाच्या वाटपामुळे. युरोपात "जितका पैसा तितकं काम" हे तत्त्व चालतं. तुम्ही एक तृतीयांश विमानं घेणार असाल, तर एक तृतीयांश काम तुमच्या देशातल्या कारखान्यांना मिळालं पाहिजे. कोणाचा कारखाना जास्त कुशल आहे हा प्रश्न मागे पडतो. टायफूनची गंमत बघा : पुढचं धड ब्रिटनमध्ये, मधलं जर्मनीत, डावा पंख इटलीत आणि उजवा पंख स्पेनमध्ये. एकाच विमानाचे दोन पंख दोन देशांत. आणि जोडणी एका ठिकाणी नाही, चारही देशांत आपापला जोडणी कारखाना : वॉर्टन, मांचिंग, तुरिनजवळचं कासेले आणि माद्रिदजवळचं हेताफे. कुठल्याही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण "असं करू नये" म्हणून शिकवता येईल. पण व्यवस्थापनशास्त्राचा प्रश्नच इथे चुकीचा आहे. ही रचना विमान स्वस्त करण्यासाठी नव्हतीच. चार संसदांकडून वर्षानुवर्षं पैसे मंजूर करून घेण्यासाठी ती होती. आपल्या मतदारसंघातला कारखाना ज्यावर चालतो, तो प्रकल्प बंद करायला कोणता खासदार हात वर करेल?

सुरुवातीला या बैठकांत फ्रान्सही होता. त्याला हलकं आणि विमानवाहू जहाजावर उतरू शकणारं विमान हवं होतं, आणि रचनेचं नेतृत्व स्वतःकडे हवं होतं. ब्रिटनला दुसऱ्या प्रकारचं विमान हवं होतं, आणि नेतृत्व सोडायची त्याचीही तयारी नव्हती. ऑगस्ट १९८५ मध्ये तुरिनच्या बैठकीत ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटलीने फ्रान्सशिवाय पुढे जायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात स्पेन त्यांना येऊन मिळाला. फ्रान्सने वेगळी चूल मांडली, तिचं नाव राफाल. ही फारकत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आकडे घटतात, वाटे बदलत नाहीत

१९८० च्या दशकातल्या मूळ हिशेबात एकूण ७६५ विमानं होती : ब्रिटन आणि जर्मनी प्रत्येकी २५०, इटली १६५, स्पेन १००. त्यानुसार कामाचे वाटे ठरले. मग बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ संपला आणि ज्याच्याशी लढायला विमान बनवायचं तो शत्रूच उरला नाही. १९९२ मध्ये जर्मनीचे संरक्षणमंत्री फोल्कर र्‍यूहं यांनी बाहेर पडायचं मनावर घेतलं. शेवटी स्वस्तातली आवृत्ती शोधू म्हणत प्रकल्प "युरोफायटर २०००" या नावाने तगला. पहिलं उड्डाण २७ मार्च १९९४ ला झालं. पुढे नव्याने हिशेब झाला तो ६२० विमानांचा : ब्रिटन २३२, जर्मनी १८०, इटली १२१, स्पेन ८७. टक्केवारी काढून बघा, कामाचे वाटे दशांशापर्यंत त्याच प्रमाणात बेतलेले दिसतील : ३७.४२, २९.०३, १९.५२ आणि १४.०३.

या करारांत एक पाचर मारलेली होती. कोणी विमानं कमी घेतली, तर इतरांना होणाऱ्या नुकसानीची भरपाई त्याने द्यायची. जर्मनीसारख्या डळमळीत भागीदाराला बांधून ठेवायला हे बरं होतं. पुढे ब्रिटनलाच विमानं कमी करावीशी वाटली, तेव्हा हीच पाचर त्याच्या पायात रुतली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा २०११ चा अहवाल जरूर वाचा. २३२ ऐवजी १६० विमानं घेऊनही विकास आणि खरेदीचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ३.५ अब्ज पौंडांनी वाढला आणि दर विमानामागची किंमत ७५ टक्क्यांनी चढली, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सरकारी लेखापरीक्षणाचे अहवाल हा संरक्षणाच्या अभ्यासकासाठी सोन्याचा साठा असतो. भाषा रुक्ष, पण माहिती पक्की.

निर्यात इथे आत शिरते. घरची मागणी घटली, वाटे मात्र ठरलेले, कारखाने चार. मग जोडणीची रांग चालू ठेवायची कशी? बाहेरच्या गिऱ्हाइकांनी. म्हणजे निर्यात ही "झाली तर वरकमाई" राहत नाही, प्रकल्पाच्या हिशेबाचा कणा होते. सौदीने घेतलेल्या ७२ विमानांपैकी पहिली २४ ब्रिटिश हवाई दलासाठी ठरलेल्या उत्पादनातून वळवून दिली गेली. सौदीला विमानं लवकर मिळाली आणि ब्रिटनच्या डोक्यावरचा तातडीचा भार हलका झाला.

विकायचं काम मात्र चौघं मिळून करत नाहीत. प्रत्येक बाजारपेठेसाठी एक देश पुढे होतो. सौदी, ओमान, कतार ब्रिटनने मिळवले. २०१६ मधला कुवेतचा २८ विमानांचा करार इटलीने केला. भारताच्या १२६ विमानांच्या स्पर्धेत टायफूनची बाजू जर्मन कंपनी मांडत होती. भारताला प्रकल्पात भागीदार करून घेण्याचं आमिषही दाखवलं गेलं. जानेवारी २०१२ मध्ये राफालची बोली स्वस्त ठरली. तो करारही पुढे गुंडाळला गेला आणि २०१६ मध्ये ३६ राफालवर गाडी थांबली, हा इतिहास तुम्हाला माहीतच आहे.

नकाराची किल्ली कोणाकडे?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. एकमेकांची निर्यात अडवायची नाही, असं या देशांनी आधी ठरवलं नव्हतं का? ठरवलं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सचे संरक्षणमंत्री मिशेल देब्रे आणि जर्मनीचे हेल्मुट श्मिट यांच्यात नेमका असाच समझोता झाला : मिळून बनवलेलं शस्त्र एकाने तिसऱ्याला विकायचं ठरवलं, तर दुसऱ्याने अपवाद वगळता आडवं यायचं नाही. टोर्नेडोच्या वेळी हीच वृत्ती दिसली. ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटलीचं ते संयुक्त विमान. १९८५ मध्ये सौदीने ते ब्रिटनकडून घेतलं, तेव्हा जर्मनीने भाग पुरवले आणि मान दुसरीकडे वळवली.

ही व्यवस्था दोघांनाही सोयीची होती, हे नीट बघा. ब्रिटनला विक्री मिळायची. जर्मनीला कारखान्याचं काम मिळायचं आणि "विकलं ते ब्रिटनने, आम्ही नाही" असं म्हणायची मुभाही. म्हणजे एकमेकांना न अडवण्याचं कलम हे नुसतं व्यापाराचं कलम नव्हतं. जबाबदारी झटकण्याचीही ती सोय होती. माझ्या मते या विषयावरच्या बऱ्याच लिखाणात ही दुसरी बाजू सुटते.

ही सोय मोडली ती येमेनमुळे. मार्च २०१५ पासून सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. त्यात टायफून होती आणि टोर्नेडोही. बाजार, रुग्णालयं, लग्नाचे मांडव, अंत्ययात्रा यांवर बॉम्ब पडल्याची प्रकरणं संयुक्त राष्ट्रांच्या तपासांत नोंदली गेली. मग जर्मन मतदार विचारू लागला : या विमानाचं मधलं धड कुठे बनलं? मार्च २०१८ मध्ये जर्मनीत सत्तेवर आलेल्या आघाडीने आपल्या करारातच लिहिलं की येमेनच्या युद्धात थेट उतरलेल्या देशांना शस्त्रं द्यायची नाहीत. योगायोग बघा, लंडनमध्ये इरादापत्रावर सही झाली तो महिनाही हाच. २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात पत्रकार जमाल खशोगी यांचा खून झाला आणि जर्मनीने सौदीची शस्त्रनिर्यात गोठवली.

कायद्याच्या अंगाने हे सोपं आहे. युद्धसामग्री देशाबाहेर पाठवायची तर जर्मन सरकारची परवानगी लागते, मग ती सामग्री म्हणजे ब्रिटनमधल्या कारखान्यात जाणारा विमानाचा तुकडा का असेना. हा तुकडा शेवटी कोणाच्या हवाई दलात जाणार, हे विचारूनच परवाना मिळतो. त्या काळात मोठे निर्णय संघीय सुरक्षा परिषदेत होत आणि तिच्या बैठका गुप्त असत. न अडवण्याचा समझोता राजकीय असतो, परवाना कायदेशीर. दोन्ही आमनेसामने आले, तर कागदावर सही लागते ती परवान्याच्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जेरेमी हंट यांनी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हायको मास यांना पत्र पाठवून या बंदीने ब्रिटिश उद्योगाचं नुकसान होतंय, असं बजावलं. मार्चमध्ये जर्मनीने संयुक्त प्रकल्पांना थोडी सवलत दिली, जुनी कामं चालू राहिली. पण नव्या ४८ विमानांचं घोडं तिथेच पेंड खात राहिलं. जुलै २०२३ मध्येही चान्सलर ओलाफ शोल्त्स सांगत होते की सौदीला युरोफायटर देण्याचा निर्णय इतक्यात होणार नाही.

आणि मग सहा महिन्यांत सगळं फिरलं. ऑक्टोबर २०२३ नंतर येमेनच्या हुथींनी इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली आणि त्यांतली काही सौदीने वाटेत पाडली. ७ जानेवारी २०२४ ला जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री अनालेना बेअरबॉक यांनी इस्रायलच्या दौऱ्यात जाहीर केलं की ब्रिटनच्या विक्रीला जर्मनी आता आडवा येणार नाही. बेअरबॉक ग्रीन पक्षाच्या, म्हणजे शस्त्रनिर्यातीबाबत सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या पक्षाच्या. सौदीतल्या मानवी हक्कांची स्थिती या सहा महिन्यांत पालटली नव्हती. पालटलं होतं ते जर्मनीला सौदीचं वाटणारं मोल.

तुर्कस्तानचंही तेच. जर्मनीने बराच काळ अडवून धरलं, जुलै २०२५ मध्ये होकार दिला आणि २७ ऑक्टोबर २०२५ ला ब्रिटनने तुर्कस्तानला २० टायफून विकण्याचा सुमारे ८ अब्ज पौंडांचा करार केला. त्याच सुमारास तुर्कस्तान कतार आणि ओमानकडची वापरलेली टायफून मिळवायच्याही मागे होता. अशा जुन्या मालाच्या विक्रीलाही मूळ भागीदारांची संमती लागते. सातबारा विमानाचा पाठलाग सोडत नाही.

नकार वाईट का?

इंग्रजीतलं बरंचसं लिखाण उद्योगाच्या चष्म्यातून येतं. तिथे जर्मनी म्हणजे "बेभरवशाचा भागीदार". त्या चष्म्यातून बघायला हरकत नाही, फक्त तो चष्मा आहे एवढं लक्षात असू द्या. लँकशायरमधल्या वॉर्टनच्या कामगाराला ऑर्डर अडली की नोकरीची काळजी लागते, ती खरी आहे. सनाच्या माणसाला विमानाचा आवाज आला की काय वाटतं, तेही खरं आहे. ब्रिटनच्या स्वतःच्या न्यायालयाने, अपील न्यायालयाने, जून २०१९ मध्ये ठरवलं की सौदीला शस्त्रं देण्याचे परवाने सरकारने बेकायदा पद्धतीने दिले, कारण आधीच्या हल्ल्यांत युद्धाचे नियम मोडले गेले का, याचा विचारच नीट केला गेला नव्हता. म्हणजे जर्मनी अडवत होता ते निव्वळ जर्मन नखरे होते, असं म्हणता येत नाही. उलट, जर्मनीने नकार दिला तो तत्त्वासाठी, असंही २०२४ नंतर म्हणता येत नाही. यातली कोणतीही एक बाजू गृहीत धरून प्रबंध लिहायला बसलात, तर निष्कर्ष आधीच लिहून झालेला असेल.

एकटा फ्रान्स

वेगळी चूल मांडलेल्या फ्रान्सचं काय झालं? बरीच वर्षं हाल. राफालचा विकासखर्च एकट्याने उचलला आणि २०१५ पर्यंत एकही विमान बाहेर विकलं गेलं नाही. मग इजिप्त, कतार, भारत, ग्रीस अशी रांग लागली आणि डिसेंबर २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकदम ८० राफाल मागवली. आखातातल्या गिऱ्हाइकाला फ्रान्स एक गोष्ट सांगू शकतो जी टायफूनवाले सांगू शकत नाहीत : सही एकाच ठिकाणी होते. युरोपातल्या शस्त्रउद्योगात "जर्मन भाग नसलेला माल" हा विक्रीचा मुद्दा झाला, तो यातूनच.

पण फ्रान्सही पुरता मोकळा नाही. इजिप्तला राफालबरोबर द्यायच्या स्काल्प क्षेपणास्त्रात एक अमेरिकन भाग निघाला आणि २०१८ मध्ये व्यवहार अमेरिकेच्या परवान्यावर अडला. एकट्याचं म्हणून जे विमान आपण दाखवतो, तेही पुरतं एकट्याचं नसतं.

नवे करार, जुनी भीती

२०१७ पासून फ्रान्स आणि जर्मनी पुढच्या पिढीचं विमान एकत्र बनवायचं म्हणताहेत, पुढे स्पेनही त्यात आला. टायफूनचा अनुभव गाठीशी असल्याने निर्यातीचं भांडण त्यांनी आधीच काढलं. ऑक्टोबर २०१९ च्या फ्रान्स-जर्मनी करारात ठरलं की एकाच्या मालात दुसऱ्याचा वाटा किमतीच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर दुसऱ्याने सहसा अडवायचं नाही. संयुक्त प्रकल्पातही स्वतःच्या थेट हितसंबंधांना किंवा सुरक्षेला धोका असेल तरच हरकत घ्यायची. "थेट हितसंबंध" कशाला म्हणायचं? तीच तर मेख आहे. कामाच्या वाटपावरून दासो आणि एअरबस यांच्यात जी ओढाताण चालली, ती वाचताना १९८५ चं तुरिन आठवतं.

दुसरीकडे ब्रिटन, इटली आणि जपान. डिसेंबर २०२२ मध्ये तिघांनी एकत्र येऊन २०३५ पर्यंत नवं विमान सेवेत आणायचं ठरवलं. इथे पेच उलटा होता. जपानने युद्धानंतर स्वतःला शस्त्रनिर्यातीपासून दूर ठेवलेलं. पण निर्यातच नाही म्हटल्यावर विमान परवडणार कसं, असं ब्रिटन आणि इटलीचं म्हणणं. जपानमध्ये सत्तेतला सहकारी पक्ष कोमेइतो नाखूश होता, महिनोन्महिने घासाघीस झाली. २६ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळाने अटी घालून वाट मोकळी केली : फक्त हेच विमान, फक्त ज्यांच्याशी जपानचा संरक्षणसामग्रीचा करार आहे अशा देशांना, युद्ध चालू असलेल्या देशाला नाही, आणि प्रत्येक विक्रीला मंत्रिमंडळाची वेगळी मंजुरी. शेवटची अट परत वाचा. नकाराची किल्ली गेलेली नाही, फक्त जर्मनीच्या खिशातून जपानच्या खिशात आली आहे.

दक्षिण कोरियाच्या केएफ-२१ मध्ये तर वाटेकरीच हप्ते थकवत राहिला. इंडोनेशियाने विकासखर्चाचा २० टक्के वाटा उचलायचं कबूल केलं होतं. शेवटी तो सुमारे १.६ ट्रिलियन वॉनवरून ६०० अब्ज वॉनवर आला आणि तंत्रज्ञानही तेवढंच कमी मिळणार, असं ठरलं. इथे भागीदारच गिऱ्हाईकही होणार, असं ठरलेलं होतं. त्यामुळे हिस्सा आणि विक्री वेगळी काढताच येत नाही.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

पहिली अडचण आकड्यांची. शस्त्रव्यापारावर काम करणारा प्रत्येक जण स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची आकडेवारी उघडतो, आणि उघडलीच पाहिजे. पण त्यात सौदीची टायफून ब्रिटनची निर्यात म्हणून नोंदलेली असतात आणि कुवेतची इटलीची. मधल्या धडाचा जर्मनी आणि उजव्या पंखाचा स्पेन त्या रकान्यातून गायब होतात. शिवाय सिप्रीचं एकक म्हणजे रुपये-डॉलर नव्हेत, शस्त्राच्या लष्करी क्षमतेवर बेतलेला निर्देशांक आहे. तो आकडा कराराची किंमत म्हणून छापलेला लेख दिसला, तर पुढे वाचायची गरज नाही. जर्मनीचा वाटा शोधायचा तर जर्मन सरकारचे वार्षिक शस्त्रनिर्यात अहवाल आणि तिथल्या संसदेतली प्रश्नोत्तरं चाळावी लागतात. भाषांतराच्या साधनांनी आता ते जमतं, पण मूळ संज्ञा जर्मनमध्येच टिपून ठेवा.

दुसरी अडचण अधिक चिवट. नकार दिला गेला की बातमी होते. पण नकार मिळेल या भीतीने गिऱ्हाईक आलंच नाही, तर? ज्या देशाने टायफूनची चौकशीच केली नाही, त्याची नोंद कुठे सापडणार? नकाराधिकाराचा मोठा परिणाम कदाचित याच न झालेल्या व्यवहारांत असेल. यासाठी एक वाट आहे : दोन्ही विमानं ज्या देशांपुढे पर्याय म्हणून होती, त्यांच्या निवडी शेजारी ठेवून बघायच्या. कतारने राफालही घेतली आणि टायफूनही. का? "सगळी अंडी एका टोपलीत नकोत" हे सोपं उत्तर पुरेसं आहे, की पुरवठादार देशांना एकेक करून बांधून घेण्याचा तो डाव होता?

सैद्धांतिक चौकट हवी असेल, तर रॉबर्ट पटनम यांची दुहेरी पटावरच्या वाटाघाटींची मांडणी बर्लिनच्या प्रकरणाला छान लागू पडते. सरकार एकाच वेळी परक्या सरकारशी आणि घरच्या मतदाराशी खेळत असतं. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांची "शस्त्र बनलेलं परस्परावलंबन" ही मांडणीही सध्या जोरात आहे. मात्र ती एका बलाढ्य केंद्राकडून होणाऱ्या अडवणुकीसाठी बेतलेली आहे. इथे स्पेनसारखा १४ टक्क्यांचा वाटेकरीही पंख अडवू शकतो. या फरकावर कोणी नीट लिहिलं, तर मला वाचायला आवडेल.

आणि भारतीय उदाहरण हवं असेल, तर दोन प्रकल्प शेजारी ठेवा. रशियाबरोबर पाचव्या पिढीचं लढाऊ विमान बनवायचा करार २००७ मध्ये झाला, प्राथमिक रचनेसाठी २०१० मध्ये २९.५ कोटी डॉलरचा करारही झाला आणि २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. ब्राह्मोस क्षेपणास्त्राची कंपनी १९९८ मधली, त्यात भारताचे ५०.५ टक्के आणि रशियाचे ४९.५. तिने जानेवारी २०२२ मध्ये फिलिपाइन्सशी सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला. भागीदार तेच दोन देश. पहिल्यात रचनेतला भारताचा वाटा किती यावरच वर्षं गेली, दुसऱ्यात सुरुवातीलाच मालकीची टक्केवारी ठरवून कंपनी उभी राहिली. तरी ब्राह्मोस विकायला इतकी वर्षं का लागली, आणि त्यातली किती मॉस्कोची संमती मिळवण्यात गेली व किती दिल्लीच्या स्वतःच्या धास्तीत, हे तपासायला संसदीय स्थायी समितीचे अहवाल आणि लोकसभेतली उत्तरं उपलब्ध आहेत. सुरुवात तिथूनच करा.